वाकळेचें मोल



ज्या वस्तूविषयीं मी आज बोलणार आहें ती आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं अंगावर घेतलेली आहे. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात. आम्ही कोल्हापूरकडील माणसें वाकळ म्हणतों. सरहद्दीपलीकडे कानडी मुलखांत तीच कौदी होते, बंगालमध्यें कांथा आणि बिहारांत सुजनी. जुनीं लुगडीं, विरलेलीं धोतरें, मुलांचे आंखूड झालेले सदरे यांचे थर एकावर एक पसरावयाचे आणि हाताच्या धांवदोऱ्यानें ते एकजीव करावयाचे, एवढीच ही विद्या. परंतु जिला ती येते तिच्या हातची वाकळ वीस वीस वर्षें टिकते, आणि जिला येत नाहीं तिची पहिल्याच धुण्यांत गोळा होते.

ही वाकळ एखाद्या स्नेह्यानें मागितली तर तिचें मोल त्यास सांगावें कीं नाहीं, आणि सांगावयाचें तर किती, हा माझा आजचा विषय. विषय किरकोळ आहे असें कोणास वाटेल. मलाहि अनेक वर्षें तसेंच वाटत होतें. पण याच किरकोळ प्रश्नापायीं एका उन्हाळ्यांत माझ्या घरांत तीन आठवडे अबोला राहिला आणि चाळीस वर्षांचे एक स्नेही मला दुरावले. तेव्हां जें बोलणार आहें तें दुसऱ्यास शिकविण्यासाठीं नव्हे. माझ्या चुकीचा जमाखर्च मांडावा इतकाच हेतु आहे.

मी प्राथमिक शाळेचा सेवानिवृत्त शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. अर्थशास्त्र मला येत नाहीं. त्रैराशिक येतें, आणि काळ, काम व वेग यांचीं उदाहरणें मीं पस्तीस वर्षें मुलांकडून सोडवून घेतलीं आहेत. वाकळ शिवते ती माझी पत्नी. तिचें माहेर कागल तालुक्यांतलें. तेथें लग्नापूर्वीं मुलीला भाकरी थापतां येणें आणि वाकळेला टाका घालतां येणें या दोन गोष्टी पाहिल्या जात. आमच्याकडे हें काम उन्हाळ्याचें. सुगी आटोपलेली असते, धुतलेलें कापड एका दिवसांत खडखडीत वाळतें, आणि पाऊस लागण्यापूर्वीं पांघरूण हातीं यावयाचें असतें. ती आधीं लुगडीं धुऊन घेते, काठ उसवून बाजूला काढते, विरलेला भाग निवडून आंतल्या थरांत टाकते. मग सोप्यांत अस्तर अंथरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते, त्यावर एकेक थर हातानें निपटून बसविते, आणि मोठमोठ्या कच्च्या टांक्यांनीं सगळें टाचून घेते. खरें शिवणें त्यानंतर सुरू होतें. तें कडेकडेनें निघून फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत येतें. दोन ओळींत अर्ध्या इंचाचें अंतर, आणि टाका असा कीं, वाकळ उलटी केली तरी कोणती बाजू वरची हें सांगतां येऊं नये.

हल्लीं एक अडचण फार होते. लोक वाकळेसाठीं कृत्रिम धाग्याच्या साड्या आणून देतात. त्या फाटत नाहींत हें खरें, पण सुईखालून निसटतात, थरांत बसत नाहींत आणि घाम टिपत नाहींत. सुती लुगडें आतां मागूनहि मिळेनासें झालें आहे. असो.

आरंभ २०१७ च्या सुमारास झाला. मुलीच्या पहिल्या बाळाकरितां हिनें एक लहानसें दुपटें शिवलें. शेजाऱ्यांनीं तें पाहिलें, वाखाणलें. त्यानंतर एके सकाळीं रंकाळ्यावर फिरावयास गेलों असतां बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, वहिनींच्या हातची एक वाकळ आमच्याकडेहि असावी बुवा.” मीं म्हटलें, “त्यांत काय! अवश्य.” हे ‘त्यांत काय’ दोन शब्द मीं पुढील आठ वर्षांत अकरा वेळां उच्चारले. अकरा घरीं अकरा वाकळा गेल्या. मोबदला म्हणून आमच्या घरीं काय आलें तें माझ्या लक्षांत आहे: चार वेळां खण-नारळ, पेढ्यांचे दोन पुडे, एका पतपेढीचें नांव छापलेलें भिंतीवरचें घड्याळ, आणि तोंडभर स्तुति. स्तुतीचा मोठा वांटा मला मिळाला हेंहि सांगितलें पाहिजे. कारण तयार वाकळ नेऊन देण्यास मीच जात असें.

२०२५ च्या उन्हाळ्यांत बारावी मागणी आली. मागणारे माझे चाळीस वर्षांचे सोबती. एका शाळेंत आम्ही बरोबर नोकरी केली, एकमेकांच्या मुलांचीं लग्नें उभीं राहून पार पाडलीं. त्यांना मुलीच्या सासरीं पाठविण्यास दोन वाकळा हव्या होत्या. “नवीन वस्तु काय कोणीहि देतो, पण हाताच्या कामाची सर त्याला नाहीं,” असें ते म्हणाले. मीं नेहमींचे दोन शब्द उच्चारले आणि घरीं येऊन निरोप सांगितला.

हिच्या उजव्या आंगठ्याचें मूळ तेव्हां कित्येक महिने दुखत होतें. रात्रीं ऊन पाण्यांत हात धरून बसलेली मीं तिला पाहिलीहि होती; पण पाहणें आणि ध्यानांत घेणें यांत अंतर आहे. तिनें निरोप ऐकला, सुयांचा डबा फळीवर ठेवून दिला आणि म्हणाली, “तुम्ही ‘त्यांत काय’ म्हणून मोकळे होतां. भीड तुमची आणि बोटें माझीं. त्यांत काय असतें तें एकदां बसून बघा.” एवढें बोलून ती आंत गेली. आणि आमच्या संसारांत प्रथमच असें झालें कीं, चहाचा पेला समोर येई, पण त्याबरोबर शब्द येत नसे.

पहिले आठ दिवस मी रागावून होतों. माझा शब्द खालीं पडणार, सोबत्यापुढें मान खालीं जाणार, एवढेंच मला दिसत होतें. मग शिक्षकाची खोड म्हणा, ‘बसून बघा’ हे शब्द डोक्यांतून जाईनात. घरांत तिची एक अर्धी राहिलेली वाकळ होती. तिच्याजवळ मीं फूटपट्टी, वही आणि घड्याळ घेऊन बैठक मारली. योगायोगानें तें घड्याळ पतपेढीचेंच होतें.

लांबी सहा फूट, रुंदी चार फूट, ओळींतलें अंतर अर्धा इंच. म्हणजे अठ्ठेचाळीस इंच रुंदींत ९६ ओळी आणि प्रत्येक ओळ ७२ इंचांची. गुणाकार ६,९१२ इंच, अर्थात् ५७६ फूट. वाकळ कडेनें मध्याकडे फेऱ्यांनीं शिवा कीं उभ्या ओळींनीं शिवा, दोऱ्याची वाट जवळजवळ तेवढीच होते. नोकरींत असतांना हें सुंदर उदाहरण मला सुचलें नाहीं याचें वाईट वाटतें. इंचास चार टांके धरले तर एका वाकळेंत २७,६४८ टांके पडतात. आतां वेग पाहूं. ती न थांबतां शिवीत असतां मीं तीन निरनिराळ्या दुपारीं मोजलें. चार थरांतून सुई काढीत तासाला बारा फूट काम होतें. ५७६ भागिलें १२, म्हणजे ४८ तास. धुणें, उसवणें, थर लावणें, टाचणें, आणि शेवटीं कडेची पट्टी बसविणें याचे आणखी आठ. एकूण ५६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर बरोबर सात दिवस.

तिच्या गैरहजेरींत मीं स्वतःहि एक तास शिवून पाहिलें. तीन फूट झालें, तेंहि वांकडें. आणि अंगुस्तान न घातल्यामुळें सुई दोन वेळां बोटांत गेली. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों ते तीन फूट तिनें उसवून टाकले होते. त्याविषयीं ती कांहीं बोलली नाहीं. आम्ही अजून बोलत नव्हतोंच.

अकरा वाकळा म्हणजे सत्त्याहत्तर दिवस. पुऱ्या अडीच महिन्यांची एका माणसाची मेहनत मीं तिला न विचारतां लोकांना देऊन टाकली होती, आणि तिला मी माझा उदार स्वभाव समजत होतों.

मोल ठरविण्याचा प्रश्न येथें येतो. हाताच्या कामाचें मोल बाजारांत विचारावयास गेलें तर बाजार यंत्राच्या मालाचा भाव सांगतो. १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं इचलकरंजीस पहिला यंत्रमाग आणला. तेव्हांपासून आमच्या या भागांत कापड स्वस्त होत आलें आहे, आणि ही गोष्ट गरिबाच्या फायद्याचीच झाली. पण कापड स्वस्त झालें म्हणून टाका स्वस्त होत नाहीं. माझ्या आजीला एका फुटाला जितका वेळ लागे तितकाच माझ्या पत्नीला लागतो. तेव्हां यंत्रावर शिवलेल्या गोधडीची किंमत हें हातच्या वाकळेचें माप नव्हे. माप वेळेचेंच धरलें पाहिजे.

असा विचार करणारा मी पहिला नाहीं. खादीच्या चळवळींत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. दिवसभर सूत काढणाऱ्या बाईच्या हातीं आण्या-दीड आण्याहून फारसें अधिक पडत नसे, आणि तें सूत विणून देशभक्त लोक अंगावर अभिमानानें घालीत. गांधीजींना हें खुपूं लागलें. आठ तासांच्या कामास आठ आणे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. अखेर १९३५ सालीं चरखा संघानें आठ तासांच्या चांगल्या कामास निदान तीन आणे मजुरी पडावी असें ठरविलें. खादी महाग होईल, गिऱ्हाईक जाईल, अशी तक्रार तेव्हांहि पुष्कळांनीं केलीच. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबा भावे स्वतः रोज कित्येक तास सूत कातून, त्या मजुरींत एका माणसाचा निर्वाह होतो कीं काय, हें अनुभवून पाहत होते. दुसऱ्याच्या श्रमाचा भाव ठरवूं पाहणारानें प्रथम त्या जागीं बसावें, ही त्यांची रीत मला फार प्रामाणिक वाटते. मी एकच तास बसलों, पण जें कळावयाचें तें कळलें.

दिवसाचा दर मीं मनानें ठरविला नाहीं. त्या वर्षीं, म्हणजे २०२५-२६ सालाकरितां, महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावर दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरलेली होती. माती खणणाऱ्या अकुशल मजुराचा हा दर. वाकळ शिवणें हें कुशल काम आहे. तरी त्याहून अधिक मागण्याचा धीर मला झाला नाहीं, पण त्याहून कमी घेणें हा मात्र अन्याय झाला असता. सात दिवसांचे २,१८४ रुपये. अस्तराचें मांजरपाट, दोरा व सुया यांचे ४१६. एकूण २,६००.

वही मीं तिच्यासमोर ठेवली. तिनें चष्मा लावून सगळा हिशेब वाचला, सत्त्याहत्तर या आंकड्यावर बराच वेळ बोट ठेवलें, आणि म्हणाली, “दोरा यापेक्षां थोडा जास्त लागतो.” अबोला अशा रीतीनें संपला.

दुसऱ्या दिवशीं रंकाळ्यावर मीं सोबत्यांना २,६०० हा आंकडा सांगितला, आणि हिचा आंगठा दुखत असल्यामुळें दोन वाकळांना पावसाळा उजाडेल हेंहि सांगितलें. ते प्रथम हंसले. मी थट्टा करीत आहें असें त्यांना वाटलें. मग गप्प झाले. कांहीं वेळानें म्हणाले, “गुरुजी, मैत्रींत हिशेब आला म्हणजे मैत्री संपली. बाजारांत हजारांत मिळते.” मीं म्हटलें, “मिळते, आणि ऊबहि देते. ती घ्यावी; मला मुळींच वाईट वाटणार नाहीं.” हें मीं मनापासून बोललों, पण तें टोंचून बोलल्यासारखें झालें असावें. तेव्हांपासून ते आमच्याबरोबर फिरेनासे झाले. ते आतां तळ्याला उलट्या अंगानें फेरी घालतात. त्यामुळें रोज एकदां आम्ही समोरासमोर येतोंच, आणि दोघेहि पाण्याकडे पाहतों.

‘मैत्रींत हिशेब नसतो’ या त्यांच्या बोलण्यानें मला बरेच दिवस झोंप लागूं दिली नाहीं. कारण वर वर पाहतां तें खरें वाटतें. आमच्या आयांनीं कधीं वाकळेचे पैसे घेतले होते काय? नाहीं. मग हा नवा लोभ कोठून आला? पण लहानपणचें गांव आठवूं लागलें तसतशी एक निराळीच गोष्ट ध्यानांत आली.

आमच्याकडे पैरा म्हणून एक चाल होती. शेतकामांत अजूनहि कोठें कोठें आहे. आज तुमच्या शेतांत मी राबतों, उद्यां माझ्या शेतांत तुम्ही राबा. पैसा मध्यें येत नाहीं. वाकळाहि अशाच पैऱ्यानें शिवल्या जात. वैशाखांत दुपारच्या वेळीं आमच्या सोप्यांत पांच-सहा बाया चहूं बाजूंनीं वाकळेला बसत. एकीकडे सुया चालत, दुसरीकडे साऱ्या गांवाची बातमी चाले. दोन दिवसांत वाकळ हातावेगळी होई. तिसऱ्या दिवशीं तोच मेळा शेजारणीच्या सोप्यांत. पैसा नव्हता हें खरें. पण हिशेब नव्हता असें म्हणेल त्यानें त्या बाया पाहिलेल्या नाहींत. माझ्या आईला अक्षर येत नव्हतें, परंतु कोणीचे किती दिवस आपण देणें लागतों आणि कोणीकडून किती येणें आहे हें तिला वर्षभर मुखपाठ असे. मी आजारी पडल्यामुळें एकदां तिचा एक दिवस चुकला, तो तिनें पुढच्या उन्हाळ्यांत आठवणीनें फेडला. आणि जी बाई दुसरीच्या वाकळेला कधींच बसली नाहीं, तिच्या वाकळेला दुसऱ्या वर्षीं कोणीहि गेलें नाहीं. भांडण नाहीं, बोलणें नाहीं. नुसतें गेलें नाहीं.

म्हणजे जुन्या स्नेहांत हिशेब होता आणि तो चोख होता. फक्त तो दिवसांत मांडलेला होता. माझ्या रंकाळ्यावरच्या मंडळींपैकीं एकाच्याहि घरीं आतां सुई चालत नाहीं. त्यांना पैरा फेडावयाचा तर तो कशांत फेडणार? दिवस परत देतां येत नाहीं, म्हणून त्याऐवजीं पैसे द्यावयाचे. त्यांत मैत्रीला बाध येण्यासारखें काय आहे तें मला अजून उमगलेलें नाहीं.

अमेरिकेंतहि अशीच चाल होती असें वाचनांत आलें. शेजारणींनीं एकत्र बसून एकीची गोधडी पुरी करून देण्याच्या मेळाव्यास तेथें ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. अलाबामा राज्यांतील गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या फ्रान्सिस वॉल्टर नांवाच्या एका पाद्र्यानें दहा दहा डॉलर देऊन घेतल्या आणि न्यूयॉर्कला लिलावांत मांडल्या. १९६६ सालीं त्या स्त्रियांनीं आपला सहकारी संघ काढला. संघाचें नांव काय ठेवावें? ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. विक्री सुरू केली तरी पैऱ्याचा शब्द त्यांनीं सोडला नाहीं, हें मला विशेष वाटलें. पुढें त्याच परिसरांतील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या २००२ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या.

मोबदला न देतां घेतलेल्या कामाला आपल्या भाषेंत निराळा शब्द आहे. तो पैरा नव्हे, वेठ. राजर्षि शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत १९२० सालीं वेठबिगार बंद केली, याचा आम्हां कोल्हापूरकरांना योग्य तो अभिमान आहे. पण ती वेठ अधिकाऱ्याच्या धाकानें घेतलेली होती. भिडेनें घेतलेल्या वेठीला कोणता राजा बंदी घालणार? भीड भिकेची बहीण असें म्हणतात. माझ्या घरीं भीड माझी होती, आणि तिचें भिकेचें टोंक माझ्या पत्नीच्या वांट्याला आलें होतें.

त्याच २०२५ सालच्या जून महिन्यांत एक प्रकरण गाजलें तें आपणांस आठवत असेल. इटलींत मिलान शहरीं प्रादा या नामांकित पेढीनें आमच्या कोल्हापुरी पायताणासारखीं पायताणें आपल्या प्रदर्शनांत मांडलीं, आणि कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. २०१९ पासून या पायताणाला भौगोलिक मानांकन आहे. गांवांत मोठा संताप झाला. तो रास्तच होता, आणि पुढें त्या पेढीनें मूळ भारतीय कारागिरीचें आहे हें मान्य केलें. सकाळच्या फेरींत आमची मंडळी त्यावर तावातावानें बोलत होती. कारागिराचे कष्ट फुकट लाटणें म्हणजे काय, याविषयीं फार चांगलीं वाक्यें मीं त्या आठवड्यांत ऐकलीं. बोलणारांपैकीं चौघांच्या घरीं आमची वाकळ आहे. मी कांहीं बोललों नाहीं, कारण या बाबतींत पहिला लाटणारा मीच होतों.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली, आणि ती माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. मला निवृत्तिवेतन मिळतें. पत्नीनें वाकळ फुकट दिली किंवा पांचशें रुपयांना दिली तरी आमची चूल पेटावयाची राहत नाहीं. पण आमच्याच गल्लीच्या टोंकाला एक बाई राहते. नवरा नाहीं, दोन मुलें आहेत. ती घरोघर जाऊन वाकळा शिवते आणि त्यावर तिचा प्रपंच आहे. तिनें एका घरीं मजुरी सांगितली तेव्हां त्या घरच्या मालकिणीनें तिला उत्तर दिलें, “गुरुजींच्या घरून तर फुकट मिळते.” हें तिनेंच माझ्या पत्नीला सांगितलें, तक्रार म्हणून नव्हे, सहज. आमच्या मोठेपणाचा भाव तिच्या मुलांच्या ताटांतून वजा होत होता. ज्याचें पोट त्या कामावर नाहीं त्यानें तें काम स्वस्तांत करूं नये, असें मी त्या दिवसापासून म्हणूं लागलों आहें. ज्यांना लवकर हवी असते त्यांना आम्ही आतां प्रथम त्या बाईचें नांव सांगतों.

आतां आमच्या घरीं काय चालतें तें थोडक्यांत सांगतों. मागणी मी घेत नाहीं. कोणीं विचारलें तर, “घरीं येऊन तिच्याशीं बोला,” असें सांगतों. यामुळें निम्म्या मागण्या रंकाळ्यावरच विरतात. उरलेल्यांना ती पुरा आंकडा सांगते; वर्षाचा मजुरीचा दर बदलला कीं मी वहींत तो बदलून ठेवतों. निम्मे पैसे आधीं घेते, म्हणजे मांजरपाट व दोरा आमच्या पदरचा जात नाहीं आणि मागणाराचा विचारहि पक्का होतो. साड्या धुतलेल्या व सुतीच लागतील हें ती पहिल्यांदा सांगते. एखाद्याला सवलत द्यावी असें वाटलें तर ती देते, पण आधीं पुरें मोल सांगून मग. हा क्रम मीं सुचविला. किंमत न सांगतां मनांतल्या मनांत सोडलेले पैसे घेणाराला दिसत नाहींत. त्याला तेवढीच किंमत वाटते, आणि पुढच्या वेळीं त्याहूनहि कमी द्यावी असें त्याच्या मनांत येतें.

या रीतीनें सगळेच दुरावले असें मात्र झालें नाहीं. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनीं आंकडा ऐकून पिशवी उघडली आणि म्हणाल्या, “मला मागायचीच लाज वाटत होती. आतां दोन सांगतां येतील.” भिडेचा हा दुसरा कांठ मला ठाऊकच नव्हता. फुकट घेणें बरें वाटत नाहीं म्हणून न मागणारीं माणसेंहि असतात.

आणि शेजारची एक वृद्धा आहे, तिच्याकडे २,६०० रुपये एकरकमी कधींच नसतात. तिनें वाकळ मागितली तेव्हां मी पेंचांत पडलों. पत्नीनें तो पेंच क्षणांत सोडविला. आमच्याकडे उन्हाळ्यांत वर्षाची चटणी करावयाची असते: मिरच्या वाळवून देंठ काढणें, कांदा-लसूण, मसाले भाजणें, डंकावर जाऊन कुटून आणणें. आंगठ्यामुळें हें काम हिला आतां जड जातें. त्या वृद्धेनें आमच्या चटणीचा सगळा व्याप आपल्या अंगावर घेतला, वरून सांडगे घालून दिले, आणि आपली वाकळ घेऊन गेली. तीन दिवस चटणीचे, दोन सांडग्यांचे. दोन दिवस बाकी आहेत म्हणून ती स्वतःच सांगत असते. मीं वहींत लिहावयास घेतलें तर दोघीहि मला हंसल्या.

माझ्या त्या सोबत्यांच्या मुलीला गेल्या थंडींत मुलगी झाली. बातमी आम्हांला तिसऱ्याच माणसाकडून कळली. मीं पाहिलें तों हिनें डबा फळीवरून काढला होता आणि माझ्या दोन जुन्या धोतरांचे तुकडे करून दुपटें शिवावयास बसली होती. मीं भीत भीत विचारलें, “याचे किती सांगायचे?”

ती म्हणाली, “हें मी देतें. तुम्ही कबूल केलेलें नाहीं.”

दुपट्याला तिला तीन दुपारी लागल्या. तें पोंचविण्यास मी निघालों, तर तिनें मला थांबविलें आणि स्वतः गेली. आठ दिवसांनीं सोबत्यांचा फोन आला. मला नव्हे, वहिनींना.